परळचं एक पान: गिरण्यांच्या जमिनीचा आराखडा कसा झाला आणि कसा तुटला

परळ स्टेशनवर सकाळी साडेनऊला उतरून प्रभादेवीच्या बाजूला यायचं असेल तर काय होतं हे रोज करणाऱ्यालाच माहीत. एका बाजूला केईएम, टाटा, वाडिया, तिथे जाणारी गावाकडची माणसं हातात एक्स-रेची पिशवी घेऊन कडेकडेने चाललेली, आणि समोरून ऑफिसची गर्दी, गळ्यात आयकार्ड, पाठीवर लॅपटॉपची सॅक, आणि दोघांना मिळून तोच जिना. पश्चिमेला बाहेर पडलं की समोर काचेच्या इमारती. या इमारतींच्या जागी एल्फिन्स्टन मिल होती, ज्युपिटर मिल होती. आत्ताच्या पिढीला वाटतं लोअर परळ असंच वाढलं, आपोआप, शहरं वाढतात तसं. पण तसं नाहीये. या जागेचं काय करायचं याचे आराखडे झाले होते, समित्या बसल्या होत्या, कायदा झाला होता, तो बदलला गेला होता, आणि सगळं दहा-पंधरा वर्षांत घडलं. म्हणून ही पार्श्वभूमी लिहायला घेतली.

सुरुवात थोडक्यात सांगतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली, ताडदेवला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, नायगाव, दादर हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून माणसं आली. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी, खानावळी चालवणाऱ्या बायका, भजनी मंडळं, व्यायामशाळा, गावाच्या नावाने चालणारी मंडळं, सगळं भोंग्यावर चालायचं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते पाडले, वस्त्या हलवल्या, मग १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, १६० फुटांच्या खोल्या. म्हणजे या भागाचं काय करावं हे बाहेरून ठरवायची सवय सरकारला सव्वाशे वर्षांपासून आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मोडक आणि मायर यांनी बृहन्मुंबईचा आराखडा मांडला, त्यातही बेटावरची गर्दी कमी करा, उद्योग उपनगरात न्या, असा सूर होता. मग १९६५ ला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, त्यातून १९७० ला सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं आणि नवी मुंबई. कोरियांचं नाव लक्षात ठेवा, ते परळमध्ये परत येणारेत. त्यांच्या मांडणीत एक महत्त्वाची गोष्ट होती की सरकारी कचेऱ्या पलीकडे गेल्या तर माणसं आपोआप जातील. पण त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उभे राहिले, मंत्रालय जागचं हललं नाही आणि दक्षिण मुंबईचा भार तिथेच राहिला. माझ्या मते मुंबईच्या नियोजनातला हा पहिला मोठा धडा आहे, आराखडा कागदावर पूर्ण असतो पण त्यातला जो भाग ताकदवान लोकांना अडचणीचा असतो तोच नेमका गळतो.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पगारवाढ, बोनस, बदली म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी बोलावल्या जाणाऱ्या कामगारांना कायम करणं आणि मान्यताप्राप्त युनियन निवडायचा हक्क, अशा मागण्या होत्या. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार बोलणी करायचा अधिकार फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि कामगार तर सामंतांच्या मागे, तिथेच सगळं अडकलं. संप मागे घेतोय असं कुणी रीतसर जाहीर केलंच नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण कमी माणसांवर, काही कायमच्या बंद. घरातली भांडी गेली, मंगळसूत्रं गहाण पडली, पोरं शाळेतून काढून कामाला लागली, हे गिरणगावात प्रत्येक चाळीत कुणी ना कुणी सांगतं.

आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की कापडापेक्षा खालची जमीन महाग झालीये. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर, तेही बेटाच्या अगदी मध्यावर, दोन्ही रेल्वेमार्गांना लागून. यातल्या २५ गिरण्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे म्हणजे एनटीसीकडे होत्या, बाकीच्या बहुतेक खासगी. जगातल्या फार थोड्या शहरांना पोटात इतकी मोकळी होऊ घातलेली जमीन एकदम मिळते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचा गाभा साध्या भाषेत सांगायचा तर तीन वाटे. गिरणी पाडून जमीन विकसित करायची असेल तर साधारण एक तृतीयांश पालिकेला, बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांशच्या आसपास म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी, आणि उरलेलं मालकाला. जमिनीच्या आकाराप्रमाणे टक्केवारी थोडी इकडेतिकडे व्हायची पण तत्त्व हेच. मला आजही वाटतं की मुंबईने केलेला हा सगळ्यात शहाणा नियम होता. पण त्यात एक फट होती, जुनी शेड न पाडता आतल्या आत वापर बदलला तर वाटे द्यायची वेळ येत नव्हती. त्यामुळे मालकांनी शेड ठेवल्या आणि आत ऑफिसं, दुकानं, करमणुकीच्या जागा आणल्या. आणि जमीन किती पेटलेली होती हे बघायचं तर मे १९९४ आठवा, खटाव मिलचे सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला भररस्त्यात गोळ्या घातल्या. भायखळ्याची जमीन विकून गिरणी बोरिवलीला न्यायचा विषय तेव्हा चालू होता.

१९९६ मध्ये राज्य सरकारने कोरियांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अहवाल मुख्यतः एनटीसीच्या गिरण्यांचा होता, पण त्याची नजर मोठी होती. समितीचं म्हणणं असं की एकेका गिरणीचे तीन तुकडे करत बसाल तर तुम्हाला इथे अर्धा एकर बाग, तिथे पाऊण एकर घरं असं मिळेल, त्यापेक्षा शेजारशेजारच्या गिरण्या एकत्र धरा, सगळी जमीन एका पानावर मांडा, मग मोठं मैदान एका ठिकाणी, घरं एका ठिकाणी, ऑफिसं स्टेशनजवळ, रस्ते सरळ, आणि जुन्या इमारती आणि धुराच्या चिमण्यांपैकी जपण्यासारख्या आहेत त्या जपा. यातला एक प्रस्ताव मी कधी विसरू शकत नाही. परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आत्ताचं प्रभादेवी) ही दोन स्टेशनं अगदी खेटून आहेत, एक मध्य रेल्वेवर, एक पश्चिमवर, आणि स्टेशनाला लागूनच एनटीसीच्या गिरण्या. समितीने सुचवलं होतं की या जमिनी वापरून दोन्ही स्टेशनं जोडणारं एक मोठं पायी चालायचं चौक-मैदान करा, लोकांना गाडीतून उतरून श्वास घ्यायला जागा द्या. १९९६ ला. तेव्हा जमीन सरकारची होती, कुणाकडून विकत घ्यायची नव्हती.

अहवाल पडून राहिला.

पुढचं वळण २००१ चं, आणि ते एका शब्दाभोवती फिरतं म्हणून नीट सांगतो. नियम ५८ मध्ये दुरुस्ती झाली, तीन वाटे आता सगळ्या जमिनीचे करायचे नाहीत, फक्त मोकळ्या जमिनीचे. म्हणजे गिरणीच्या शेड जिथे उभ्या आहेत ती जागा, शेड पाडल्यावरसुद्धा, वाटणीत धरायची नाही. आता गिरणी कशी असते ते ज्याने आतून बघितलंय त्याला लगेच कळेल, कंपाउंडच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत साचेखातं म्हणजे विणकाम, कताई, गोदाम, बॉयलर, मधे फक्त माल न्यायची वाट. उदाहरण म्हणून धरा की १५ एकरांची गिरणी आहे आणि १२ एकरांवर बांधकाम. जुन्या नियमाने पालिकेला ५ एकर. नव्या नियमाने उरलेल्या ३ एकरांचा तिसरा हिस्सा, १ एकर. एका शब्दाने मैदानाची बाग झाली आणि बागेचा कोपरा.

सरकारची बाजूही सांगायला हवी. त्यांचं म्हणणं की दहा वर्षांत पूर्ण विकासाला कुणी पुढे येत नव्हतं, गिरण्या आजारी, कामगारांची देणी थकलेली, मालकांना काही सुटल्याशिवाय पैसा येणार कुठून. देणी खरंच थकली होती, ते खोटं नाही. पण देणी चुकवायला शहराचा वाटा सोडून द्यायची गरज होती हे मला कधीच पटलेलं नाही.

मग कोर्ट. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने जनहित याचिका केली, उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये निकाल दिला की वाटे सगळ्या जमिनीचे व्हायला हवेत. गिरणगावात लोकांनी तेव्हा खूप आशा धरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, २००१ चा बदल वैध ठरला. तोपर्यंत म्हणजे २००५ मध्येच एनटीसीच्या पाच गिरण्यांची विक्री झालेली, ज्युपिटर २७६ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी, अपोलो १८० कोटी, दादरची कोहिनूर ३ नंबर ४२१ कोटी आणि मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी. हीच मुंबई टेक्स्टाइलची जमीन सात वर्षांनी एका बिल्डरकडून दुसऱ्याकडे गेली ती साधारण २,७०० कोटींना. कोरियांच्या पानावरची स्टेशनालगतची जागाही या पाचांतच गेली.

कामगार गप्प बसले नव्हते. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८९ पासून बंद गिरणी कामगार संघर्ष समिती चालवली, उपोषणं, मोर्चे, आणि त्यांची मागणी हळूहळू बदलत गेली, आधी गिरणी चालू करा, मग देणी द्या, मग निदान गिरणीच्या जमिनीवर घर द्या. घरासाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. जून २०१२ ला म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरं. अर्ज आणि घरं हे दोन आकडे शेजारी ठेवले की मोकळी जमीन या शब्दाने काय केलं ते कळतं. हल्ली तर घरं शेलू आणि वांगणीला देऊ केलीयेत, त्याला कामगारांचा आणि वारसांचा विरोध आहे, आणि का नसावा, ज्याने आयुष्य लालबागला काढलं त्याला कर्जतच्या वाटेवर पाठवायचं. इस्वलकर २०२१ मध्ये गेले.

काही चांगलं झालं तेही नोंदवतो. दादरच्या इंदू मिलची सुमारे साडेबारा एकर जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाला मिळाली, भूमिपूजन २०१५ ला झालं. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे आहे, १६० फुटांच्या खोलीबद्दल ५०० फुटांचं घर, तेही त्याच जागी, आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. जागेवरच घर देता येतं हे तिथे दिसलं, म्हणून शेलूचा मुद्दा जास्तच टोचतो.

आता परत त्या जिन्यावर. गिरण्यांच्या वेळी या स्टेशनांवर पाळीची गर्दी होतीच, पण निम्मी माणसं चालत पाच मिनिटांवर राहायची. ऑफिसं आली तशी गर्दी विरार, कल्याण, पनवेलहून यायला लागली, आणि पूल जुनाच. प्रत्येक टॉवरला आपली परवानगी, आपलं पार्किंग, आपलं गेट, पण एका टॉवरमधून दुसऱ्यात किंवा स्टेशनात चालत जायचा रस्ता कुणाच्याच प्लॅनमध्ये नव्हता, कारण एक पान कधी झालंच नाही. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी जोरात पाऊस आला, माणसं पुलाच्या छपराखाली थांबली, खालून गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या. कुणीतरी फूल पडलं म्हटलं ते पूल पडला असं ऐकू गेलं, असं वाचलेल्यांनी तेव्हा सांगितलं. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल कंपाउंडमधल्या आगीत १४ जण. कोरिया स्वतः २०१५ ला वारले होते, त्यांचा १९९६ चा स्टेशनाचा प्रस्ताव चेंगराचेंगरीनंतर पेपरांनी पुन्हा बाहेर काढला.

लष्कराने तिथे नवा पादचारी पूल बांधून फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला केला, जुलैत एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं, २०१९ ला परळ टर्मिनसवरून गाड्या सुटायला लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना गाड्यांचा पूल पाडण्यासाठी बंद केला, तिथून शिवडी-वरळी जोडरस्ता जाणार आहे, अटल सेतूवरून येणाऱ्या गाड्या परळच्या डोक्यावरून वरळीला पोचतील. दोन स्टेशनांच्या मधलं ते मैदान मात्र अजून १९९६ च्या अहवालातच आहे.