ज्वालामुखी बेटांवरील सांडपाणी आणि किनाऱ्याचे रक्षण

लाव्हारस थिजून घडलेल्या बेटांवर घरांतले मैलापाणी जमिनीत मुरते आणि खडकाच्या भेगांतून वाट काढत समुद्राला मिळते. ते मिळण्याआधी अडवणे, शुद्ध करणे आणि जमेल तितके पुन्हा वापरणे, हा किनारी पाण्याच्या रक्षणाचा गाभा आहे. हवाई, मॉरिशस, रियुनियन, कोमोरोस ही अशी बेटे. वस्ती आणि पर्यटन भराभर वाढते पण गटारयोजना मागे राहते, तिथे हा प्रश्न सर्वांत बिकट होतो.

सोलापूर समुद्रापासून अडीचशेहून अधिक किलोमीटर आत आहे, तरी इथल्या वाचकाला हा प्रश्न समजायला सोपा जावा, कारण पायाखालचा खडक तोच आहे : बेसाल्ट. दख्खनच्या पठाराचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. शहराच्या हद्दवाढ भागात नव्या घरासाठी शोषखड्डा खणताना वर काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. पाषाण लागला की पहार चालत नाही, ब्रेकर आणावा लागतो. असा खड्डा पाणी शोषतो तो भेगांतूनच. भेग नसेल तर पावसाळ्यात खड्डा तुंबून मैला वर येतो. भेग असेल तर मैलापाणी कुठेही गाळले न जाता थेट शेजारच्या बोअरमध्ये उतरू शकते. म्हणून ‘खड्डा कधी भरतच नाही’ ही सांगण्यासारखी गोष्ट नाही. ते पाणी नेमके कुठे जाते, हे आधी पाहायला हवे.

तरुण बेटांवर हीच अडचण कितीतरी पटींनी वाढते. दख्खनच्या जुन्या थरांत बऱ्याच पोकळ्या खनिजांनी आणि मातीने बुजल्या आहेत. कोवळ्या बेसाल्टमध्ये त्या अजून मोकळ्या असतात. लाव्हा वाहताना त्याच्या वर-खाली भुसभुशीत, खडबडीत थर तयार होतात, आत वायूच्या पोकळ्या राहतात, काही ठिकाणी माणूस चालत जाईल एवढे बोगदेही असतात. हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर मैलोन्‌मैल मातीच नाही. धो-धो पाऊस पडूनही काही भागांत ओढे वाहत नाहीत, सगळे पाणी चाळणीतून जावे तसे खाली जाते. हे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत किनाऱ्याकडे सरकते आणि समुद्राच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. मैलापाण्याचीही वाट हीच. डोळ्यांना ना गटार दिसते, ना नळ.

मैलापाण्यातले जंतू माणसाला आजारी पाडतात. नायट्रोजन आणि फॉस्फरस समुद्राला आजारी पाडतात. प्रवाळ वाढतात ते स्वच्छ, कमी पोषक पाण्यात. खत मिळाले की शेवाळ फोफावते, प्रवाळांवर पसरते आणि त्यांचा प्रकाश अडवते. ओआहू बेटावरच्या कानेओहे उपसागरात अनेक वर्षे सांडपाणी सोडले जात होते आणि तिथे हिरव्या बुडबुड्यांसारख्या शेवाळाने प्रवाळ झाकून टाकले. १९७७-७८ मध्ये हे पाणी वळवून खोल समुद्रात नेले. पाणी लवकर निवळले, पण शेवाळ त्यानंतरही कित्येक वर्षे मूळ धरून राहिले. आधी घाण होऊ द्यायची आणि मग साफ करू म्हणायचे, हा मार्ग किती महागात पडतो हे या उपसागराइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसले असेल.

जमिनीखालची वाट पुराव्यानिशी दाखवली ती माउई बेटावरच्या लाहाइना येथील प्रयोगाने. तिथले सांडपाणी केंद्र प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात न सोडता किनाऱ्यापासून सुमारे ८०० मीटरवरच्या खोल विहिरींत भरत असे, रोज साधारण दीड कोटी लिटर. जुलै २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या विहिरींत चमकदार हिरवा रंग मिसळला आणि पाणबुडे समुद्रतळावरच्या उबदार झऱ्यांचे नमुने घेत राहिले. ८४ दिवसांनी तो रंग काहेकिली किनाऱ्याजवळच्या प्रवाळांमध्ये उमटला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रदूषण नळातून थेट समुद्रात न जाता भूजलातून गेले तर परवाना लागतो का, हा मुद्दा होता. एप्रिल २०२० मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला : जमिनीतून होणारा प्रवास थेट सोडण्याच्याच तोडीचा असेल, तर परवाना हवाच. विहिरीत ओतले म्हणजे विल्हेवाट लागली, या समजुतीला त्या निकालाने कायद्याचा आधार उरू दिला नाही.

हवाईत आजही ८० हजारांहून अधिक उघड्या तळाचे मैलाखड्डे आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या मोठ्या बेटावर आहेत. या सर्वांतून रोज अंदाजे २० कोटी लिटर मैलापाणी प्रक्रियेविना जमिनीत जाते. २०१६ मध्ये नवे खड्डे खणण्यावर बंदी आली. २०१७ च्या कायद्याने सर्व जुने खड्डे बदलण्यासाठी २०५० ची मुदत घातली. खरी अडचण खर्चाची आहे. विखुरलेल्या घरांपर्यंत पाषाण फोडत गटार नेणे जवळजवळ अशक्य, म्हणून घरोघरी हवा खेळवणाऱ्या टाक्या आणि नायट्रोजन कमी करणारे गाळण-थर सुचवले जातात. नुसती सेप्टिक टाकी गाळ बऱ्यापैकी रोखते, नायट्रोजन फारसा नाही. प्रवाळांसाठी ती अपुरी ठरते.

पाणी तपासण्यातही उष्ण प्रदेशाची एक गोम आहे. समुद्रस्नानाच्या सुरक्षिततेसाठी एंटरोकोकस जिवाणू मोजतात, पण उष्ण कटिबंधातल्या मातीत ते आपसूकच वाढतात. पावसानंतर त्यांची संख्या वाढली म्हणजे मैला मिसळलाच, असे म्हणता येत नाही. म्हणून हवाईत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा दुसरा निर्देशकही पाहिला जातो.

मराठी वाचकाला मॉरिशस जवळचे. एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही आहेत. हे ज्वालामुखी बेट जवळजवळ सगळीकडून प्रवाळांनी वेढलेले आहे आणि आतल्या उथळ, संथ खाजणावर मासेमारी आणि पर्यटन दोन्ही अवलंबून आहेत. बहुसंख्य घरे मात्र सार्वजनिक गटारांना जोडलेली नाहीत. सेप्टिक टाक्या आणि शोषखड्डे हाच आधार. शिवाय याच खडकातले भूजल पिण्यासाठी उपसले जाते, त्यामुळे नुकसान समुद्राचे आणि माणसांचे एकदमच होते. सेंट मार्टिन केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी उसाला देण्याचा मार्ग तिथे अवलंबला गेला. समुद्राला अपाय करणारा नायट्रोजन उसाला उपयोगी पडतो, म्हणून मला हा सर्व उपायांत शहाणपणाचा वाटतो.

सोलापूर जिल्हाही उसाचाच. शहराचे बरेचसे सांडपाणी नाल्यांनी सीनेकडे जाते, सीना हत्तरसंग-कुडलजवळ भीमेला मिळते, भीमा पुढे रायचूरच्या बाजूला कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. दुसरीकडे, वरच्या अंगाने पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत उतरते, आणि उन्हाळ्यात जलाशयाचा हिरवा पडलेला रंग इथल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. तेच पाणी शहर पिते. नदीकाठच्या शेवटच्या गावाचे दुःख ठाऊक असलेल्या शहराने पुढच्या गावाची आणि समुद्राची फिकीर करावी, ही अपेक्षा रास्त आहे. जानेवारी २०१६ च्या सुधारित राष्ट्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांना प्रक्रिया केलेले पाणी वापरणे बंधनकारक केले. सोलापूरजवळचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प या अंतरात बसतो. शहराने शुद्ध केलेले प्रत्येक लिटर अशा ठिकाणी गेले, तर उजनीतून तेवढाच उपसा कमी होतो आणि सीनेत तेवढेच सांडपाणी कमी जाते.