मान धरली की गोळी: हॉवर्ड लेव्हेंथल यांच्या कामाची पार्श्वभूमी

अमळनेरच्या आमच्या घरात बीपीच्या गोळ्यांची पट्टी खिडकीच्या गजात खोचलेली असायची. महिना उलटला तरी तिच्यातल्या चार-पाचच गोळ्या काढलेल्या. विचारलं की माय म्हणायची, "बीपी वाढनं का मान धरस, माले समजस." मान धरली की गोळी, उतरली की बंद.

वाढलेलं बीपी सहसा जाणवत नाही, हे डॉक्टर दरवेळी सांगतात. तरी खान्देशात कितीतरी घरांत हाच हिशेब चालतो. त्याला अडाणीपणा न म्हणता त्याचाच अभ्यास ज्यांनी केला, ते अमेरिकन आरोग्य-मानसशास्त्रज्ञ म्हणजे हॉवर्ड लेव्हेंथल.

त्यांचं सुरुवातीचं काम भीतीवरचं. येल विद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांसोबत विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पत्रकं वाचायला दिली, काही अंगावर काटा आणणारी, काही सौम्य. १९६५ साली निष्कर्ष छापून आले. नुसतं पत्रक वाचून लस टोचून घ्यायला गेले शंभरातले जेमतेम तीन, मग पत्रक कितीही भेदरवणारं असो. ज्यांना पत्रकासोबत आरोग्य केंद्राचा नकाशा दिला आणि आठवड्यात कधी जमेल ते ठरवायला लावलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. शेवटच्या वर्षाची मुलं ती, केंद्र कुठे आहे हे त्यांना ठाऊकच असणार! मला हा प्रयोग आजही थक्क करतो. आपल्याकडे मात्र अजून भिंतीवर कवटीच रंगवली जाते.

पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात ते रुग्णाच्या मनातल्या आजाराकडे वळले. हे काय आहे, कशानं झालं, किती दिवस राहील, पुढे काय होईल, कशानं बरं होईल, याचं उत्तर प्रत्येकजण स्वतःपुरतं मांडतो आणि औषध त्यावरून घेतो किंवा सोडतो, असं त्यांचं म्हणणं. १९८५ साली मेयर आणि गुटमन यांच्यासोबत त्यांनी बीपीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना बीपी वाढलेलं कळत नाही, हे बहुतेकांना मान्य होतं. फक्त स्वतःचं कळतं, असंही बहुतेकांना वाटत होतं. विस्कॉन्सिनमध्येही माझी मायच बसलेली होती.

नंतर ते न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात होते. त्यांच्या मांडणीवर बेतलेली आजाराच्या समजुतीची प्रश्नावली १९९६ साली आली आणि देशोदेशी वापरली गेली.

आमच्याकडे गल्लीतल्या आशाताईंनी मायला उपदेश केला नाही. "मावशी, मान दुखत नसेल त्या दिवशी बोलवा," एवढंच म्हणाल्या. बाजाराच्या दिवशी, माय अगदी मजेत असताना त्यांनी मशीन लावलं. आकडा चढाच होता. माय बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिली.