जुन्या छोट्या स्पोर्ट्स कारला वापरलेला सुपरचार्जर बसवायचाय? काम देण्याआधी हे वाचा

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक येते तेव्हा सुपरचार्जर (इंजिनाच्या जोरावर फिरून त्यात जास्तीची हवा कोंबणारा पंप) बहुतेक वेळा आधीच विकत घेऊन झालेला असतो. कुणाच्या इंग्लंडमधल्या स्विंडनच्या भावाने बॅगेतून आणलेला, कुणी मुंबईच्या भंगार बाजारातून उचललेला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती जड ॲल्युमिनियमची पेटी टेबलावर येते आणि प्रश्न येतो, "कधी बसवून देता?" आमचे उत्तर दर वेळी सारखेच असते: चार्जर सगळ्यात शेवटी बसतो. त्याआधी काय काय करावे लागते आणि आम्ही कुठल्या गाडीला नाही म्हणतो, ते या पत्रकात आहे.

आधी कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, ते वेगळेच. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही सुपरचार्जर बसवत नाही. गाडी फक्त ट्रॅकसाठी असेल आणि ट्रेलरवर घालून नेणार असाल, तरच काम घेतो आणि तसे लेखी घेतो. त्यामुळे काही गिऱ्हाइके नाराज होऊन परत जातात. त्याला आमचा इलाज नाही.

कुठला चार्जर, कुठल्या इंजिनाला

आमच्याकडे सर्वांत जास्त येतो तो ईटन कंपनीचा एम४५. जुन्या मिनी कूपर एसवर २००२ ते २००६ या काळात तो लागत असे. नावातले ४५ म्हणजे घन इंच: एका फेरीत तो साधारण ७३७ सीसी हवा पुढे ढकलतो. त्याचा मोठा भाऊ एम६२ फेरीला हजार सीसीच्या थोडी वर ढकलतो.

आता हिशेब बघा. चार स्ट्रोकचे इंजिन एका फेरीत आपल्या सीसीच्या निम्मी हवा ओढते. सॅन स्टॉर्म या गोव्यातच बनलेल्या छोट्या स्पोर्ट्स कारचे रेनो इंजिन १,१४९ सीसीचे, म्हणजे फेरीला सुमारे ५७५ सीसी. एम४५ इंजिनाच्याच वेगाने फिरवला तरी तो ७३७ सीसी देतो, म्हणजे सव्वापटीहून जास्त. रोटरच्या फटीतून थोडी हवा मागे गळते. ती धरली तरी ६० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या त्या इंजिनाला एवढे पुष्कळ झाले. स्विंडनवाल्या भावाच्या जुन्या १.६ लिटर माझदा एमएक्स-५ चे गणित वेगळे. ते इंजिन फेरीला ८०० सीसी ओढते, त्यामुळे तिथे चार्जर दीडपट वेगाने फिरवल्यावर कुठे चार-पाच पीएसआय (दाब मोजायचे एकक) दाब मिळतो. हे सगळे पुलीच्या (चार्जर फिरवणाऱ्या पट्ट्याच्या चाकाच्या) व्यासावर ठरते. चार्जरसोबत आलेली पुली आहे तशी लावू नका. मिनीच्या कंपनीने तो दुपटीच्या आसपास वेगाने फिरवला होता, पण त्यासाठी इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते) मुद्दाम ८.३ ठेवला आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) दिला. एमएक्स-५ च्या १.६ इंजिनाचा रेशो ९.४ आहे. अशा इंजिनावर तेवढा दाब टाकला तर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणे) होऊन पिस्टन फुटतो.

चार्जर उघडल्याशिवाय आम्ही बसवत नाही

हा नियम आम्ही स्वतः ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात एक चार्जर हाताने फिरवून बघितला, छान फिरला, म्हणून न उघडता बसवला. मागचे बेअरिंग गेलेले होते. इंजिन गरम झाल्यावर रोटर केसिंगला घासायला लागला आणि ॲल्युमिनियमचा चुरा थेट सिलिंडरमध्ये गेला. हेड काढले तेव्हा चारही सिलिंडरच्या आतल्या भिंतींवर उभ्या रेघा होत्या. चूक आमची होती, इंजिन आमच्या खर्चाने बांधून दिले. तेव्हापासून गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी पेटी उघडतोच.

उघडताना तुम्ही समोर उभे राहा, आम्हाला ते आवडते. आत तीन-तीन पाकळ्यांचे, पीळ दिलेले दोन रोटर असतात. त्यांच्यावरचा लेप शाबूत हवा. खाऱ्या हवेत महिनोन् महिने पडलेल्या चार्जरचा लेप पापुद्र्यासारखा सुटतो. नखाने हलकेच खरवडले तरी कळते. केसिंगच्या आतल्या भिंतीवर नख अडकेल अशी रेघ असेल, तर तो चार्जर आम्ही परत देतो. पुढच्या नाकाडातले तेल इंजिनाच्या तेलापासून स्वतंत्र असते. ते काळे असेल किंवा त्यात चकाकणारी कणी दिसली, तर बेअरिंग बदलायचे. तिथे इंजिन ऑइल घालून चालत नाही, सुपरचार्जरचेच तेल लागते. नाकाडातला प्लॅस्टिकचा कपलर (जोड) झिजला की आयडलिंगला खडखड येते. भाग छोटा, पण लोक त्यालाच बेअरिंगचा आवाज समजून घाबरतात.

मिनीच्या एम४५ ची एक खास खोड आहे. त्याच्या मागच्या टोकाला वॉटर पंप फिरवणारे गिअर आणि त्यांचे वेगळे तेल असते. ते तेल सुकते आणि गिअर खाल्ले जातात. दुसऱ्या गाडीला बसवताना हे टोक बंद करावे लागते. ते काम आम्ही आमच्या लेथवरच करतो.

पेट्रोल आणि उकाडा

खरी अडचण इथे आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, नॉकिंगच्या दृष्टीने ते चांगलेच. पण तेवढीच हवा जाळायला असे पेट्रोल जास्त लागते. जुन्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून हे सांभाळून घेतो. पाय पूर्ण दाबला की तो सेन्सरचे ऐकत नाही, आतल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता साध्या पेट्रोलचा आणि बिनचार्जरच्या इंजिनाचा असतो. मिश्रण नेमके दाबाखालीच पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडते. म्हणून मोठे इंजेक्टर, जास्त क्षमतेचा पंप, ट्यून करता येणारा ईसीयू आणि वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा) यांच्याशिवाय काम होत नाही. जुन्या रबरी पेट्रोल नळ्याही बदलाव्याच लागतात, इथेनॉलने त्या आतून फुगतात. या सगळ्याचा खर्च चार्जरच्या किमतीहून जास्त होतो, ही गोष्ट आधीच मनात धरा.

उकाड्याचे सांगायचे तर, हवा दाबली की तापते. मे महिन्यात बाहेर ३३ अंश असताना फक्त चार-पाच पीएसआय दाबाने चार्जरमधून निघणारी हवा आमच्या हिशेबाने ७५ अंशांच्या आसपास जाते. तीच हवा बॉनेटच्या आतली, आधीच ६० अंशांवर तापलेली घेतली, तर शंभरच्या वर. म्हणून हवा बाहेरूनच घ्यायची, पण नळीचे तोंड खाली ठेवायचे नाही. आपल्याकडच्या पावसात तुंबलेले पाणी त्यातून आत जाते.

आधी इंजिन तपासू द्या

चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन आम्ही मोजतो. त्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुढे जात नाही. मागे एक स्टॉर्मवाले "बांबोळीच्या चढावर ओढत नाही" म्हणून चार्जर घेऊन आले होते. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला निघाला. व्हॉल्व्ह बसवले, फ्युएल फिल्टर बदलला आणि गाडी चढ चढू लागली. चार्जर अजून त्यांच्या कपाटात आहे. दहापैकी निम्म्या वेळा तरी असेच काहीतरी निघते, आणि असे काम आम्ही रस्त्यावरच्या गाडीलाही आनंदाने करतो.

येताना

चार्जर स्वतः उघडू नका, साफही करू नका. तेलाची अवस्था आम्हाला जशीच्या तशी बघायची असते. त्याच्यासोबत आलेली पुली, बायपास व्हॉल्व्ह (दाब नको तेव्हा हवा परत फिरवणारा), ब्रॅकेट, तुटके असले तरी आणा. बायपास नसलेला चार्जर आम्ही बसवत नाही, कारण त्याच्याशिवाय सावकाश चालतानाही इंजिनावर सगळा भार राहतो. गाडी सकाळी आणा. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचा पहिला आवाज आम्हाला ऐकायचा असतो. पूर्ण कामाला साधारण दोन महिने धरा. चवथीच्या आठवड्यात आमची माणसे गावी असतात, तेव्हा श्रावण सुरू झाल्यावर आणलेली गाडी चवथीआधी मिळेल असे आम्ही कुणालाच सांगत नाही.