जुना बीटमेनिया नव्या टीव्हीवर का फसतो?

कोनामी या जपानी कंपनीचा 'बीटमेनिया' हा संगीताचा व्हिडिओ गेम डिसेंबर १९९७मध्ये तिथल्या गेम पार्लरांत आला. पाच बटणं, शेजारी डीजेकडे असते तशी फिरवायची तबकडी आणि पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या छोट्या पट्ट्या. पट्टी तळाच्या रेषेवर आली की तिचं बटण दाबायचं. खरी गंमत पुढे आहे: त्या जागेचा ड्रमचा ठोका किंवा सिंथेसायझरचा तुकडा तुमच्या दाबण्यातूनच वाजतो. दाबलं नाहीत, तर गाण्यात तेवढी फट राहते.

हा चपळाईचा खेळ वाटतो, पण नुसत्या चपळाईनं तो जमायचा नाही. मिनिटाला १५० ठोके असलेल्या टेक्नो संगीतात दोन ठोक्यांच्या मधे ४०० मिलिसेकंद असतात. ठोक्याचा चौथा भाग म्हणजे १००. डोळ्यांना काही दिसून बोट हलेपर्यंतच सुमारे २०० मिलिसेकंद जातात. म्हणजे बघून दाबू म्हणाल तर गाणं पुढे गेलेलं असणार. मेंदू इथे अंदाज बांधतो. मैफिलीतला जाणकार सम ऐकून मान हलवत नाही. सम येते तेव्हा त्याची मान आधीच निघालेली असते. मेट्रोनोमबरोबर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राबरोबर, बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक लोक ठोक्याच्या काही मिलिसेकंद आधीच आपटतात, आणि त्यांना ते कळतही नाही. नुसतं स्वस्थ बसून ताल ऐकतानाही मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग जागे होतात. लुकलुकत्या दिव्याबरोबर ताल धरणं मात्र बरंच कठीण जातं. ताल हा कानाचा प्रांत. यंत्रावर बांधलेल्या संगीताची लय सहसा तसूभरही हलत नसल्यानं अंदाज पक्का बसतो.

आता याच खेळाची घरी खेळायची आवृत्ती आजच्या टीव्हीला जोडा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तसा ओळीओळीनं रंगवायचा. सपाट टीव्ही अख्खं चित्र साठवतो, ताणतो, चकचकीत करतो आणि मग दाखवतो. त्यात कितीतरी मिलिसेकंद जातात, आणि चित्राशी जुळावा म्हणून तो आवाजही मागे धरतो. तुम्ही अचूक दाबता, पण खेळाच्या हिशेबी तो क्षण होऊन गेलेला असतो. याच घराण्यातल्या 'टू डीएक्स'मध्ये सर्वोच्च गुणांसाठी मिळणारी सवलत जेमतेम एका फ्रेमची, म्हणजे १७ मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे!

पुढे गिटार हिरोसारख्या खेळांत हा उशीर मोजून वजा करायची सोय आली. बीटमेनियाला ती पुरत नाही. गुण देताना उशीर माफ करता येईल, पण बटण दाबण्याआधीच त्याचा आवाज कसा काढणार? स्वतः वाजवलेला आवाज उशिरा ऐकू आला की सराईत वादकही अडखळतो.

म्हणून काही खेळाडू जुने डबडे टीव्ही अजून जपून ठेवतात. ते नसेल तर एक जुगाड आहे: आवाजाच्या लाल-पांढऱ्या वायरी टीव्हीला न लावता थेट स्पीकरला लावा. आवाज वेळेवर येईल, चित्र मागेच राहील. पुढे काय येतंय तेवढं डोळ्यांनी वाचायचं आणि बोटं कानावर सोडायची. पट्टी रेषेला टेकायच्या आत बटण दाबलं गेलेलं दिसेल; तिकडे खुशाल दुर्लक्ष करा.