खांदशेकणी आणि अभ्यासिका

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैल धुऊन आणायचे, खांद्याला तूप-हळद चोळून शेक द्यायचा आणि त्यांना सांगायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ डवरणीच्या दिवसांत जुवाखाली जो खांदा घासला गेला, त्याची ही दखल. खांदा सुजलेला बैल कोणी जुंपत नाही. एवढी अक्कल बैलांच्या बाबतीत सगळ्या गावाला आहे.

माझा भाचा वीस वर्षांचा आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव, मग वावरातली कामं, संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत बारापर्यंत पुस्तकं. हरभऱ्याला पाणी द्यायचं असेल आणि त्या आठवड्यात शेतपंपाला रात्रीची लाईन (वीज) असेल, तर उरलेली झोपही मोटारीवर जाते. मी बोललो तर म्हणाला, “झोपून काय करू मामा, बाकीचे पोट्टे पुढं निंगून जातीन.”

करिअर की आयुष्य, हा वाद शहरात शनिवार-रविवार आणि ऑफिसची वेळ धरून चालतो. खेड्यात ना शनिवार-रविवार, ना ऑफिस. शरीर मात्र तेच, आणि त्याचा हिशेब वर्तमानपत्रातल्या यशोगाथांपेक्षा फार वेगळा आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. ४८ निरोगी माणसांपैकी काहींना रोज आठ तास, काहींना सहा तास, तर काहींना चारच तास झोपू दिलं, सलग चौदा दिवस. दिवसा त्यांचं लक्ष, स्मरण आणि हिशेब तपासला. चार आणि सहा तासवाल्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. खरी गंमत पुढे आहे. ‘किती झोप येते आहे?’ असं विचारल्यावर ही माणसं पहिल्या काही दिवसांनंतर जवळजवळ तेच उत्तर देत राहिली. चुका वाढत होत्या, पण आपण बिघडलो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. ‘मला सवय झाली’ असं सांगणाऱ्या पोराचा शब्द म्हणूनच पुरावा म्हणून धरता येत नाही. मोजणारं यंत्र आणि मोजायची वस्तू एकच असली की असं होतं.

असं का होतं, त्याचं एक कारण ॲडेनोसिन. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात तसा हा पदार्थ साठत जातो, आणि साठेल तशी झोपेची ओढ वाढते. झोपेत तो ओसरतो. चहातलं कॅफिन ॲडेनोसिन काढून टाकत नाही, फक्त ते ज्या जागी चिकटतं त्या जागा अडवून बसतं. म्हणजे अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवरचा रात्री दहाचा कट उधारी फेडत नाही, वसुलीवाल्याला दाराबाहेर उभं करतो. प्यायलेल्या कॅफिनपैकी अर्धं साधारण पाच तासांनीही अंगात असतं, त्यामुळे बारानंतरची तोकडी झोपही नासते.

आणि पाठांतराचं काय? १९९४ मध्ये विल्सन आणि मॅक्नॉटन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून पाहिलं. उंदीर फिरताना हिप्पोकॅम्पस या भागातल्या ज्या पेशी एकत्र पेटत होत्या, त्याच पुढे गाढ झोपेत पुन्हा एकत्र पेटू लागल्या. दिवसाचा धडा मेंदू रात्री गिरवत होता. कलमं आणि सनावळ्या डोक्यात पक्क्या होण्याचं बरंचसं काम पुस्तक मिटल्यावर होतं. झोप मोडून वाचलेलं पान हे आधी वाचलेल्या दहा पानांच्या जागेवर बसत असेल, तर त्याला मेहनत म्हणायचं का, मला शंका आहे.

विशीतल्या पोरांची आणखी एक अडचण आहे, तिला आपण आळस म्हणतो. जर्मनीतले शास्त्रज्ञ टिल रोनेनबर्ग यांनी २००४ मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ पुढे पुढे सरकतं, मुलींमध्ये सुमारे साडेएकोणिसाव्या आणि मुलांमध्ये सुमारे एकविसाव्या वर्षी ते सगळ्यात उशिरावर असतं, मग हळूहळू मागे येऊ लागतं. म्हणजे भरतीचा सराव नेमका त्या वयात पहाटे साडेचारला सुरू होतो, ज्या वयात शरीराच्या लेखी ती मध्यरात्र असते.

धावण्याचंही तेच. सरावाच्या ताणाने हाडाचा जुना भाग आधी झिजवून काढला जातो, नवा भरायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात हाड कमजोर असतं. रोज डांबरावर धावणाऱ्या पोरांच्या नडग्या का दुखतात आणि ऐन भरतीच्या तोंडावर कोणाच्या तरी नडगीला बारीक चीर का जाते, ते यात आलं.

जास्त तास म्हणजे जास्त काम, हा हिशेबही एका हद्दीपर्यंतच खरा. जॉन पेन्कावेल या अर्थतज्ज्ञाने २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, पुढे वाढ मंदावत गेली, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं नव्हतं. चौदा तास पाण्यात. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा १९९३ चा अभ्यास तर सगळ्यांना ‘घासून सराव’ एवढाच आठवतो. त्यात सर्वोत्तम वादक आठवड्याला साधारण ६० तास झोपत, मागे पडलेले ५४.६, हे कोणी सांगत नाही. पुढचे दुपारची डुलकीही जास्त घेत.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा आकडा मात्र मी भाच्याला सांगितला नाही. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त, असं हा आकडा सांगतो. खरा आहे, पण जास्त कामामुळे होणारे बहुतेक मृत्यू साठीनंतरचे. वीस वर्षांच्या पोराला साठीची भीती घालून उपयोग नाही.

त्यापेक्षा मला लंडनच्या सरकारी नोकरांवरचं संशोधन महत्त्वाचं वाटतं. लोक समजत होते की हृदयविकार साहेबाला होतो. निघालं उलटं: खालच्या पायरीवरच्यांना जास्त, आणि त्यामागचं एक ठळक कारण म्हणजे आपल्या कामावर आपला ताबा नसणं. मोटार कधी चालणार हे लाईनच्या वेळापत्रकावर आणि भरती कधी निघणार हे मुंबईच्या कागदावर ज्याचं ठरतं, त्याला ‘समतोल साधा’ म्हणणं सोपं आहे. त्याच्या हातात फारच थोडं असतं.

त्या थोड्यातलं भाच्याने घेतलं. धावणं आठवड्यातून सहाऐवजी चार दिवस, अभ्यासिका साडेनऊपर्यंत, आणि रात्रीच्या लाईनीनंतर दुपारी कडुनिंबाखाली बाज. परवा ताईचा फोन आला. “पोट्टं दुपारचं झोपते. लोकं काय म्हणतीन?”

मी म्हटलं, “गोऱ्हा सावलीत बसला असला तं त्याले उठवतं काय वं?”

“गोऱ्ह्याले कुठी भरती द्या लागते,” ती म्हणाली.