मुळं चिखलात, फुलं उन्हात

बागेत एखादा कोपरा असा असतो, की तिथे ऊन भरपूर, पण माती कायम ओली, आणि लावलेलं रोप काही टिकत नाही. चर खणण्याचा उपद्व्याप करण्याआधी तिथे नीरब्राह्मी लावून बघावी. ओढ्याकाठी, भातखाचरांच्या बांधांवर जमिनीलगत पसरणारी ही रानवनस्पती. शास्त्रीय नाव बकोपा मोनिएरी.

चिखलात रोपं मरतात ती बहुधा पाण्याने नव्हे, हवेअभावी. हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजन सुमारे १०,००० पट हळू पसरतो. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं, की उरलासुरला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू संपवून टाकतात आणि मुळं गुदमरतात. नीरब्राह्मीचं खोड आडवं कापून भिंगाखाली धरा. साल आणि मधला गाभा यांच्यामध्ये गोलाकार मांडलेल्या मोठमोठ्या पोकळ्या दिसतील. याच वाटेने वरची हवा खाली मुळांपर्यंत पोचते.

खोड आडवं सरपटतं आणि जमिनीला टेकलेल्या पेरांतून मुळं सोडतं. त्यामुळे बी पेरण्याच्या फंदात न पडलेलं बरं. ते धुळीसारखं बारीक असतं. तीन-चार पेरांचा तुकडा तोडा, खालची पानं काढा आणि दोन पेरं चिखलात दाबून टाका. काम झालं. फक्त एकाच वेलीचे तुकडे लावले तर सगळा ताटवा जनुकीयदृष्ट्या एकच असतो, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे मिळाले तर जरूर घ्यावेत. आणि पान पाहून घ्या: नीरब्राह्मीचं पान लहान, मांसल, टोकाकडे रुंद आणि समोरासमोर जोडीने येतं. गोल, दातेरी कडांचं पान दिसलं तर ती मंडूकपर्णी. तिलाही ब्राह्मीच म्हणतात.

फुलं पानांच्या बगलेत एकेकटी येतात. पांढरी, किंचित जांभळट झाक असलेली, जेमतेम सेंटीमीटरभर. पाच पाकळ्या सारख्याच वाटतात, पण फूल उलटं करून पाहिलं तर खालची हिरवी निदलं मुळीच सारखी नसतात: बाहेरची रुंद, आतली अरुंद. सावलीत कांडी लांबतात, वेल विरळ होते आणि फुलंही रोडावतात. पूर्ण पाण्याखाली ती तगते, मत्स्यालयात मुद्दाम लावतातही, पण तिथे फुलांची आशा धरू नये.

खताचा हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं, की त्याचा फायदा गवत उचलतं आणि या बुटक्या वेलीवर सावली धरतं. पहिले काही महिने गवत उपटत राहणं हीच खरी मेहनत. बाकी ती स्वतःचं बघून घेते. कुंडीत लावायची तर माती चिंब ठेवा, पण वर पाणी साचू देऊ नका, नाहीतर फुलांआधी डास येतील.

औषधी म्हणून पानं खाण्याचा विचार असेल तर जागा जपून निवडा. ही वनस्पती कॅडमियम, शिसं यांसारखे जड धातू पाण्यातून आणि मातीतून शोषून अंगात साठवते. म्हणूनच दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे. सांडपाण्याच्या नाल्याकाठची हिरवीगार नीरब्राह्मी पाहायला छान, पण तिची पानं तोंडात घालण्यासाठी नव्हेत.