विटेतल्या ओलीचं उसनं गणित

भिंतीत ओल किती वेगाने पसरते, हा प्रश्न बांधकामाचा. पण त्याचं गणित आधी मांडलं ते पाणी आणि माती यांच्या अभ्यासकांनी. 1856 मध्ये हेन्री डार्सी यांनी फ्रान्समधल्या दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम दिला. तो पूर्ण भिजलेल्या वाळूचा. भिंतीच्या छिद्रांत मात्र थोडं पाणी, थोडी हवा असते. अशा अर्धवट ओल्या मातीची वहनक्षमता ओलाव्यानुसार बदलते, हे 1907 मध्ये एडगर बकिंगहॅम यांनी मांडलं आणि 1931 मध्ये लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी त्याचं समीकरण केलं.

बांधकामात ते लगेच रुजलं नाही. 1950 च्या दशकाअखेरीस आलेली ग्लासर यांची पद्धत फक्त बाष्पाचा हिशोब करायची. कागद-पेन्सिलीवर उरकणारी, म्हणून लाडकी. पण पावसाने भिजलेल्या विटेबद्दल मुकी.

खरी अडचण मोजण्याची. द्रवरूप पाण्याचा प्रसरणांक, म्हणजे छिद्रांतून ते किती लवकर पसरतं याचं माप, हा एक आकडा नसतो, ओलाव्यानुसार बदलणारा वक्र असतो. तो काढायचा तर पाणी कोणत्या क्षणी आत कुठवर पोचलं हे कळायला हवं. मातीचा स्तंभ कापून तुकडे वजन करता येतात. भाजलेली वीट आतली ओल न हलवता कापणं अवघड. 1979 मध्ये क्रिस्टोफर हॉल आणि सहकाऱ्यांनी एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) वापरून, नमुना न कापता, आतलं पाणी पाहिलं.

अशी यंत्रं सगळ्यांकडे कुठली? म्हणून तराजूचा आधार. नमुन्याचं बूड पाण्याला टेकवायचं आणि ठरावीक वेळाने वजन करायचं. शोषलेलं पाणी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे चार तासांत एका तासाच्या दुप्पट. वेळेच्या वर्गमुळापुढे शोषलेलं पाणी मांडलं की रेषा येते; तिचा चढ म्हणजे जलशोषण गुणांक. जर्मनीत हार्टविग क्युन्झेल यांनी आपल्या प्रबंधात हा गुणांक आणि मुक्त संपृक्तीचा ओलावा (पाण्याला टेकवल्यावर वीट आपोआप शोषते तेवढी कमाल ओल) एवढ्यावरून अख्खा वक्र अंदाजण्याचं सूत्र दिलं. त्यात कोरड्या टोकापासून संपृक्तीपर्यंत प्रसरणांक हजारपट वाढतो असं धरलेलं आहे. हे हजार म्हणजे मोजमाप नव्हे, सोयीचं गृहीतक. वापरणारे बरेचदा विसरतात.

शिवाय हा वक्र पाणी आत शिरतानाचा. पाऊस थांबला की मोठ्या छिद्रांतलं पाणी बारीक छिद्रं ओढून घेतात आणि ओल बरीच सावकाश सरकते. त्या टप्प्यासाठी वेगळा प्रसरणांक लागतो, आणि तो वजनाच्या या चाचणीतून मिळत नाही.